मणी तडकतो तेव्हा

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी दादाचा फोन आला आणि मी त्याला सांगितलं, "ॲसिडिटी असेल रे. इनो घे आणि पड जरा."

हे मी फारसं कुणाला सांगत नाही. वहिनींना माहीत आहे, कारण फोन स्पीकरवर होता. गोष्ट मार्च २०१९ ची. मी नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, दादा दिंडोरीच्या पुढे मळ्यात. द्राक्षांचा खुडा सुरू होता, व्यापारी रोज दोन-दोन रुपयांनी भाव पाडत होता आणि आदल्या रात्री दादा अकराला जेवला होता. छातीवर कुणी भरलेलं क्रेट ठेवलंय असं वाटतंय, म्हणाला. जबडा ठणकतोय. घामानं बनियन भिजलंय. तो इतकं नीट सांगत होता, आणि मला त्यात फक्त उशिराचं जेवण ऐकू आलं.

वहिनींनी ओवा दिला, पाठ चोळली. दुखणं थोडं बसल्यासारखं झालं. साडेपाचला थ्री फेज आली म्हणून हा पठ्ठ्या मोटर चालू करायला विहिरीवर गेला, आणि सव्वासहाला बांधावर बसला तो उठेना. शेजारच्यांनी द्राक्षाच्या पिकअपमध्ये, रिकाम्या क्रेटांच्या मध्ये गोधडी टाकून त्याला झोपवलं. गावच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघताच ॲस्पिरिन चघळायला दिली आणि नाशिकला फोन लावला. कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयाच्या नळ्या उघडतात त्या खोलीच्या, दारात पोचायला सव्वाआठ वाजले. १०८ हा नंबर आमच्या घरात सगळ्यांना पाठ होता. त्या चार तासांत तो कुणालाच आठवला नाही, कारण ॲसिडिटीसाठी कुणी ॲम्ब्युलन्स बोलावत नाही.

हृदयाची नळी बंद पडली की साधारण अर्ध्या तासात तिच्यावर जगणारा स्नायू मरायला लागतो, आणि पुढचे काही तास मरतच राहतो. डॉक्टरांनी मनगटातून तार घातली, नळी उघडली, फुगा फुगवला, स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली. पेशंट दारात आल्यापासून नळी उघडेपर्यंत दीड तासाच्या वर जाऊ नये असा त्यांच्यात दंडक आहे. तो त्यांनी पाळला. तिसऱ्या दिवशी टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयाचं पंपिंग ४० टक्के. निरोगी हृदयाचं ५५च्या पुढे असतं. मधल्या पंधरांतले किती ओव्यात गेले आणि किती माझ्या इनोत, हा हिशेब मी अजूनही अधूनमधून करतो. पुढं वर्षभरात पंपिंग ४७ वर आलं, पण हिशेब काही सुटला नाही.

त्यात लाजिरवाणी गोष्ट अशी की हे आमच्या घरात नवं नव्हतं. तात्या, म्हणजे आमचे वडील, १९८६ साली गेले. वय ५२. दुपारी बैल सोडताना खाली बसले आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. गावानं "हार्टफेल झालं" म्हटलं, आम्ही ते मान्य केलं. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला पंचावन्नच्या आत हा आजार झाला असेल, तर आपला धोका वाढतो, एवढं आता शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास? तेव्हा दादानं मान हलवली. "नाही. वडील अचानक गेले." अचानक गेले, हे आमच्याकडे कारण म्हणून चालतं.

नंतर मी तात्यांच्या सालाच्या आसपास काय काय चाललं होतं ते शोधत बसलो. वाचनाचा हा प्रकार बरा नाही, कळतं मला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेयास ग्रुन्त्सिग नावाच्या डॉक्टरानं एका ३८ वर्षांच्या जाग्या माणसाच्या हृदयाच्या नळीत फुगा फुगवून ती मोकळी केली. जगातली ती पहिली अँजिओप्लास्टी. तो फुगा त्यानं आधी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बनवून पाहिला होता. पहिल्या स्प्रिंगा माणसाच्या हृदयात बसल्या त्या १९८६ साली, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये. म्हणजे तात्यांच्याच वर्षी. त्याचं मला वाईट वाटत नाही. फ्रान्सहून आमच्या मळ्यात काय यायचं होतं?

वाईट वाटतं ते १९८८ चं. त्या वर्षी एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अटॅकचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण त्यात होते. त्यांतल्या काहींना गुठळी विरघळवायचं औषध दिलं, काहींना ॲस्पिरिन, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. ॲस्पिरिनची अर्धी गोळी रोज, महिनाभर. तेवढ्यानं पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. दोन्ही दिलेल्यांत ४२ टक्क्यांनी. ॲस्पिरिन! आमच्या आजीच्या उशाला ॲस्प्रोचं पाकीट कायम असायचं, डोकं दुखलं की घ्यायला. तात्या ओट्यावर पडले होते आणि गोळ्या आत आजीच्या उशाला होत्या. ही गोष्ट मी दादाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा सांगणार तरी कोण होतं?" तो मला धीर देत होता. माझ्या वेळेला सांगणारा मी होतो, हे त्यानं मुद्दाम टाळलं.

दवाखान्यातून सुटताना दादा खूश होता. ठिबकच्या नळ्या सांभाळण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. क्षार साठतात, ड्रिपर चोक होतात, मग लॅटरलमध्ये ॲसिड सोडायचं, शेवटची टोपणं उघडून फ्लश मारायचा, की पाणी पुन्हा धो-धो. त्याच्या लेखी हृदयाचंही तेच झालं होतं. "नळी चोक झाली होती, साफ केली. झालं." डॉक्टरांनी मान हलवली आणि कागद घेऊन चित्र काढलं. ते चित्र वहिनींनी अजून जपून ठेवलंय, सातबाऱ्याच्या फाइलीत.

चरबी नळीच्या पोकळीत क्षारासारखी बसत नाही. ती अस्तराच्या खाली, भिंतीत साठते. वर्षानुवर्षं, अगदी तरुणपणापासून. तिथं सूज धरते, आत मऊ गर तयार होतो, वर पातळ साल. त्यामुळे पोकळी अरुंद होतेच असं नाही. कित्येकदा भिंत बाहेरच्या बाजूला फुगते आणि रक्त आपलं सुरळीत वाहत राहतं. मग एखाद्या दिवशी ती साल फाटते. आतला गर रक्ताला लागला, की शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते इमानेइतबारे तिथं गुठळी बांधतं. नळी बंद करते ती ही गुठळी, काही मिनिटांत.

दादा चित्राकडे बघत म्हणाला, "म्हणजे मणी तडकला."

डॉक्टर नाशिकचेच. त्यांना समजवायला लागलं नाही. साखर भरलेल्या घडावर फेब्रुवारीत अवकाळी पाऊस पडला की मणी पाणी पितो, आतून फुगतो, आणि पातळ सालीचा मणी देठापाशी फुटतो. आदल्या संध्याकाळी बाग बघणारा एक्स्पोर्टवाला म्हणतो, माल एक नंबर आहे. सकाळी त्याच घडाकडे बघवत नाही. "बरोब्बर," डॉक्टर म्हणाले. "मोठा मणीच तडकतो असं असतं का?" दादा म्हणाला, नाही, साल कुणाची पातळ त्यावर आहे.

यात एक कोडं सुटलं. आदल्याच दिवाळीत कंपनीच्या विम्यासाठी दादाची स्ट्रेस टेस्ट झाली होती. पट्ट्यावर नऊ मिनिटं चालला, रिपोर्ट नॉर्मल, आणि तो रिपोर्ट त्यानं गावभर दाखवला. रिपोर्ट खोटा नव्हता. पट्ट्यावर चालताना कळतं ते रक्त पुरतंय की नाही हे. साल किती पातळ आहे, हे त्यात दिसत नाही.

उलट बाजू माझ्या वाट्याला आली. २०२२ मध्ये पांडवलेणी चढताना ठरावीक वळणावर छाती जड व्हायला लागली. दोनेकशे पायऱ्या आहेत. मी निम्म्यावर थांबायचो, लेण्यांची माहिती देणारी पाटी वाचतोय असं दाखवायचो. दोन मिनिटं उभं राहिलं की जडपणा जायचा. या वेळी मात्र इनो घेतलं नाही. सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या नळ्यांचा स्कॅन, झाली. उजव्या नळीत ७० टक्के ब्लॉक. मी मनानं स्प्रिंगची तयारी करून, बायकोला एफडी मोडायला सांगून गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सुरू करू. स्प्रिंग आत्ता नको."

आपल्याकडे रोज ऐकतो की डॉक्टर उगाच स्प्रिंगा टाकतात. मीही कट्ट्यावर हेच बोलत आलोय. पण आपल्या अंगावर येतं तेव्हा माणूस कसा उलटा वागतो बघा: ७० टक्के ब्लॉक आहे आणि हा तो काढत नाही म्हणजे काय? मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेच सांगितलं, वर एका अभ्यासाचा हवाला दिला. ५,१७९ रुग्ण, ३७ देश, नाव इस्केमिया, निकाल २०१९ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. ज्यांचा आजार स्थिर आहे, म्हणजे चढावर दुखतं आणि थांबलं की राहतं, अशांत स्प्रिंग किंवा बायपास लगेच केलेले आणि आधी फक्त औषधांवर ठेवलेले, यांची तुलना केली. तीन-सव्वातीन वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांत काही ठोस फरक पडला नाही. ज्यांना वरचेवर दुखायचं त्यांना स्प्रिंगनं आराम जास्त मिळाला, एवढं खरं. आणि डावीकडची मुख्य नळीच अरुंद असेल, किंवा हृदय फार अशक्त झालं असेल, तर ही गोष्ट लागू नाही. तसले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. अटॅक चालू असताना तर स्प्रिंगसारखा उपाय नाही, ते दादानं दाखवलंच होतं.

घरी येताना रिक्षात मला दादाचा मणी आठवला. स्प्रिंग एका मण्यापुरती. घड अख्खा असतो, आणि अटॅक कुठल्या मण्यातून येईल ते बाहेरून सांगता येत नाही. सगळ्या घडाची साल जाड करणारं काही असेल तर तेच खरं औषध. आणि ते आहे. रात्री जेवणानंतर घ्यायची, दिसायला एवढीशी, कुणालाच न आवडणारी कोलेस्टेरॉलची गोळी.

तिची जन्मकथा दादाला फार आवडते. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि तांदळावर आलेल्या एका निळसर बुरशीत कोलेस्टेरॉल रोखणारा पदार्थ सापडला. त्यातूनच पुढं स्टॅटिन आलं; पहिली गोळी अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाली. आजच्या बहुतेक गोळ्या कारखान्यात बनतात, पण मूळ बुरशीचंच. दादा म्हणतो, "जन्मभर द्राक्षावरच्या बुरशीवर, भुरी आणि डाऊनीवर फवारे मारले, आणि शेवटी बुरशीनंच वाचवलं." ही गोळी वाईट कोलेस्टेरॉल खाली आणते, भिंतीतली सूज कमी करते, साल घट्ट करते. अटॅक येऊन गेलेल्याचं एलडीएल, म्हणजे हेच वाईट कोलेस्टेरॉल, सत्तरच्या खाली, जमलं तर ५५च्याही खाली हवं. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेला "नॉर्मल" आकडा आपल्यासाठी नसतो, हे दादाला पटवायला मला तीन व्हिजिट लागल्या.

आणि तरी त्यानं गोळ्या बंद केल्याच. चौथ्या महिन्यात. एकदम बरं वाटत होतं ना! कुणीतरी सांगितलं, गोळ्यांची सवय लागते; दुसऱ्यानं आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगर उकळून मध घातलेला काढा दिला, ब्लॉकेज उघडणारा. हा काढा नाशिक जिल्ह्यात किती घरांत फ्रीजच्या दारात उभा असेल, कुणास ठाऊक. चव बरी असते. पण भिंतीच्या आत साठलेलं लिंबानं निघायला ती काय तांब्याची कळशी आहे? खरी भीती काढ्याची नव्हती. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या नव्या स्प्रिंगवर साधारण वर्षभर चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर स्प्रिंगमध्येच गुठळी धरू शकते. नऊ दिवस त्यानं त्या घेतल्या नव्हत्या. वहिनींना रिकामं न झालेलं पाकीट सापडलं आणि त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, तुम्हीच बोला." मी बोललो नाही, ओरडलो. मोठ्या भावावर आयुष्यात पहिल्यांदा.

एकदा मात्र तो निर्दोष होता. मोबाइलवर मेसेज आला: कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर द्राक्षं खाऊ नका, विष होतं. आयुष्यभर द्राक्ष पिकवणारा माणूस. त्यानं हंगामभर एक मणी तोंडात टाकला नाही. गोडी बघायलाही गड्याला सांगायचा. मला कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. तो मेसेज ग्रेपफ्रूटचा होता. ते आपल्या पपनसाच्या कुळातलं, लिंबूवर्गीय फळ; त्याचा रस काही स्टॅटिन गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो. कुणीतरी भाषांतर करताना त्याचं द्राक्ष केलं. दिंडोरी-निफाडात अशा मेसेजनं किती बागायतदारांचे हंगाम बिनगोडीचे गेले असतील!

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे सगळ्यात कामाला आलं ते तेलाच्या डब्याचं गणित. माणशी रोज २५-३० ग्रॅम तेल पुरे, म्हणजे पाच माणसांना १५ किलोचा डबा सव्वातीन ते चार महिने जायला हवा. वहिनींनी डब्यावर तारीख टाकायला सुरुवात केली. पहिला डबा ४८ दिवसांत संपला. कुणी कुणाला काही बोललं नाही, पण पुढचा ७० दिवस गेला. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, सगळं धरून. पापड, लोणचं, ठेचा धरून. हे आम्हाला जमलेलं नाही, खोटं कशाला सांगू? आणि मिसळ. नाशिकच्या माणसाला मिसळ सोड म्हणणं म्हणजे गोदाकाठ सोड म्हणण्यासारखं आहे. रविवारी मळ्यातल्या मिसळीला जायचं ते आता महिन्यातून एकदा, तर्री वाटीत वेगळी घ्यायची आणि ती वाटी तशीच टेबलावर ठेवून उठायचं. वेटर ओळखीचा झालाय, तो ती वाटी आणतच नाही.

तंबाखू दादानं कॅथलॅबच्या दिवशी सोडली ती सोडलीच. चंची उशाखाली होती, ती मीच गोदावरीत टाकली. गोदावरीवर आधीच पुष्कळ ओझं आहे, कचराकुंडीत टाकायला हवी होती, असं नंतर वाटलं. विडी-सिगारेट सोडल्यावर वर्षभरात त्या सवयीमुळे वाढलेला हृदयाचा धोका साधारण निम्म्यावर येतो. एवढा फायदा एवढ्या कमी पैशात दुसऱ्या कशात मिळत नाही. स्प्रिंगच्या किमती सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिल्या, औषध लावलेली स्प्रिंग साधारण तीस हजारांवर आली, तरी दवाखान्याचं एकूण बिल दादाच्या एका एकराच्या मालाएवढं झालंच होतं.

मी सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर जातो. तिथं एक मजेशीर जमात आहे, अटॅक येऊन गेलेल्यांची. कोण कुठल्या वर्षी, कितव्या नळीत, किती स्प्रिंगा, अशी ओळख करून देतात. कॉलेजची बॅच सांगावी तसं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चालायचं असतं. आमच्यातले एक काका या नियमाला अपवाद आहेत, ते अभंग म्हणतच चालतात आणि तरी आमच्या पुढं असतात. आठ महिन्यांनी मी पांडवलेणी न थांबता चढलो. वर जाऊन दादाला फोन केला, तर म्हणाला, "आता खाली उतर हळू. गुडघा सांभाळ."

यंदा फेब्रुवारीत पुन्हा पहाटे फोन वाजला. पावणेचार. स्क्रीनवर दादा. मी उठून बसलो, दिवा लावला, चष्मा सापडेना. बायकोनं न सांगता दुसरा मोबाइल हातात घेऊन १०८ चे आकडे दाबून ठेवले होते.

"काय होतंय?" मी विचारलं. "छातीत? घाम आलाय का? जबडा?"

पलीकडून प्लॅस्टिकच्या आच्छादनावर पाऊस आपटत असल्याचा आवाज येत होता.

"माझं बरंय रे," दादा म्हणाला. "तासाभरापासून पडतोय. दोन एकरांवर कागद आहे, बाकी सगळं उघडं. खालच्या प्लॉटवर बॅटरी मारून आलो. मणी तडकायला लागलेत."

मी काय बोलावं ते सुचेना. म्हटलं, "रात्रीची गोळी घेतलीस का?"

"घेतली." मग थोडं थांबून, "तू निघून ये सकाळी. पंचनाम्याला तलाठी येईल, कुणीतरी बोलायला पाहिजे."